म्हातारा खेळाडू विकताना गिऱ्हाईक पारखा

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, फेब्रुवारी उजाडला की चाहत्यांमध्ये उभी फूट पडते. संघ धड वरही नाही, धड खालीही नाही. तेहतीस-चौतीस वर्षांचा एक खेळाडू दहा-बारा वर्षं त्याच जर्सीत खेळतोय, अजूनही सामन्याला वीस-बावीस गुण काढतोय, पण गुडघे कुरकुरायला लागलेत. ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसात खेळाडू देण्याघेण्याची, मुदत तोंडावर आलेली असते. एक गट म्हणतो, भाव आहे तोवर विका, पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे नंबर, पदरात पाडून घ्या. दुसरा म्हणतो, पडत्या काळात ज्यानं संघ सोडला नाही त्याला बाजारात उभं करताना लाज कशी वाटत नाही? पहिला दुसऱ्याला भाबडा म्हणतो, दुसरा पहिल्याला कसाई.

माझा कल विकणाऱ्यांकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण दोन्ही गट भांडतात ते त्या खेळाडूवरूनच: तो किती थकला, त्याचे आपल्यावर उपकार किती. समोर गिऱ्हाईक कोण आहे, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. पिक घेणं म्हणजे कुणाच्या तरी पराभवावर पैसे लावणं. तो पराभव दुसऱ्या संघाचा असेल तर म्हातारा खेळाडू जरूर विकावा. तो आपल्याच संघाचा असेल, म्हणजे खेळाडू विकायचा, मग मुद्दाम हरत राहायचं आणि त्यातून वरचा नंबर मिळवायचा असा बेत असेल, तर चाहत्यानं त्याला टाळ्या वाजवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

ज्यांना हा व्यवहार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजातून आणि परदेशातून येणारी पोरं दरवर्षी जूनमध्ये संघ पाळीपाळीनं निवडतात, तो ड्राफ्ट. आदल्या हंगामात जो जास्त हरला त्याचा नंबर साधारणपणे आधी लागतो. हे नंबर, म्हणजेच पिक, विकता येतात, तेही सात वर्षं पुढचे. कोकणात हापूसची बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला देतात, तसाच हा सौदा. झाडावर अजून कैरी नाही, व्यापारी मोहोर बघून भाव करतो. पुढे तुडतुडा पडला की खोट त्याची. बास्केटबॉलमध्ये मात्र चाल उलटी आहे. विकणाऱ्याची बाग जितकी जळेल तितकी घेणाऱ्याची चांदी. म्हणून पिक देणारा शहाणा संघ अट घालतो, की पिक पहिल्या चारात लागला तर तो आमच्याकडेच राहील. बिनशर्त पिक हाच खरा माल. कधी पूर्ण पिक न देता अदलाबदलीचा हक्क देतात. तुमचा नंबर वरचा आला तर तो आमचा, आमचा तुमचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीचे पिक असे काही उधळले, की लीगला नियम करावा लागला: पुढच्या लागोपाठच्या दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हातात नाही, अशी वेळ संघानं स्वतःवर आणायची नाही. त्या नियमाला आजही त्यांचंच नाव आहे. मालकाची कीर्ती अशीही राहते.

आता बॉस्टन. २७ जून २०१३, ड्राफ्टची रात्र. तिथल्या सेल्टिक्स संघानं पॉल पियर्स, केविन गार्नेट आणि जेसन टेरी यांना ब्रुकलिन नेट्सकडे धाडायचं ठरवलं. पियर्स पंधरा हंगाम बॉस्टनचा. १९९८ला आलेला, २००० साली चाकूहल्ल्यातून वाचून त्याच हंगामात खेळलेला, २००८चं विजेतेपद आणि अंतिम फेरीचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा, किताब घरी आणलेला. गार्नेट तेव्हा सदतीस वर्षांचा. बॉस्टनमध्ये त्या रात्री सुतक होतं. बदल्यात आले नेट्सचे २०१४, २०१६ आणि २०१८चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०१७च्या अदलाबदलीचा हक्क. सोबत दोन्हीकडचे पगार जुळवण्यासाठी जेराल्ड वॉलेससारखे जड कराराचे खेळाडू. नेट्सचे मालक मिखाइल प्रोखोरोव यांना विजेतेपदाची घाई होती, संघ न्यू जर्सीहून ब्रुकलिनला येऊन जेमतेम एक हंगाम झाला होता, आणि लक्झरी टॅक्सपोटी, म्हणजे खेळाडूंच्या पगारावर जादा खर्च केल्याच्या दंडापोटी, ९ कोटी डॉलरच्या वर मोजायची त्यांची तयारी होती. गिऱ्हाईक म्हणतात ते याला.

त्या सौद्यातून ब्रुकलिनला काय मिळालं, ते ४ मे २०१४ला टोरांटोत दिसलं. प्लेऑफची पहिली फेरी, सातवा सामना. नेट्स १०४-१०३ असे एका गुणानं पुढे, चेंडू टोरांटोच्या रॅप्टर्सकडे, शेवटचे काही सेकंद. त्यांचा काइल लोरी दोघांच्या मधून आत घुसतो, चेंडू वर उचलतो, आणि पियर्सचा हात त्यावर पडतो. ब्लॉक. भोंगा. पियर्स छत्तीस वर्षांचा होता आणि त्या क्षणाचं त्याचं भान विशीतल्या पोराला मिळत नाही. ब्रुकलिनच्या चाहत्याला त्या रात्री कुणी विचारलं असतं, तर त्यानं सौदा झकास झाला असंच सांगितलं असतं. पुढच्या फेरीत मायामीनं पाच सामन्यांत गुंडाळलं. उन्हाळ्यात पियर्स वॉशिंग्टनला गेला, पुढच्या फेब्रुवारीत गार्नेट मिनेसोटाला. एक फेरी, एक ब्लॉक.

त्या ब्लॉकची किंमत पुढे कळत गेली. नेट्स २०१५-१६मध्ये २१-६१, म्हणजे २१ विजय आणि ६१ पराभव, त्यानंतर २०-६२. २०१६चा पिक तिसरा लागला, बॉस्टननं जेलन ब्राऊन घेतला. २०१७ला अदलाबदलीतून पहिला नंबर हाती आला. तो फिलाडेल्फियाला देऊन बॉस्टननं तिसरा नंबर आणि वर आणखी एक पिक घेतला. फिलाडेल्फियानं मार्केल फुल्ट्झ निवडला, बॉस्टननं जेसन टेटम. २०२४ला सेल्टिक्सनं अठरावं विजेतेपद मिळवलं, अंतिम फेरीचा एमव्हीपी ब्राऊन.

इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि विकणारा गट ती दर फेब्रुवारीत उगाळतो. पण ती सांगताना मधली वर्षं गाळतो, आणि माझ्या मते सगळं सार त्या मधल्या वर्षांत आहे. पहिला हंगाम वाईट गेला, २५-५७. त्यानंतर ४०-४२ आणि प्लेऑफ. मग ४८ विजय. मग ५३ विजय आणि ईस्टमध्ये, म्हणजे लीगच्या दोन विभागांपैकी पूर्वेकडच्या विभागात, अव्वल. १५ मे २०१७ला सेल्टिक्सनं वॉशिंग्टनला सातव्या सामन्यात हरवलं, १६ मेला लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टचे वरचे नंबर ठरवणाऱ्या सोडतीत, नेट्सच्या पिकाला पहिला नंबर लागला, १७ मेला ईस्टची अंतिम फेरी घरच्या मैदानावर सुरू झाली. असे तीन दिवस कुठल्या संघाच्या नशिबी आले असतील? बॉस्टनच्या चाहत्याला स्वतःच्या संघाचं वाईट चिंतावं लागलं नाही. त्यानं आपल्या संघासाठी घसा कोरडा केला आणि घरी जाऊन ब्रुकलिन हरल्याचा निकाल मिटक्या मारत वाचला. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला पियर्स क्लिपर्सकडून बॉस्टनमध्ये अखेरचा खेळला, शेवटच्या सेकंदांत त्यानं तीन गुणांचा शॉट टाकला, आणि गार्डन, म्हणजे बॉस्टनचं अख्खं मैदान, प्रतिस्पर्ध्याच्या त्या तीन गुणांसाठी उभं राहिलं. ज्याला विकलं त्याच्यावरचा जीव कमी झाला नव्हता.

याच्या शेजारी फिलाडेल्फिया ठेवून बघा. सॅम हिंकी यांनी २०१३ला सूत्रं हाती घेतल्यावर आधी पॉइंट गार्ड ज्रू हॉलिडे विकला, मग संघ जाणूनबुजून दुबळा ठेवला. २०१५-१६ला १०-७२. दोन हंगाम मिळून सलग २८ पराभव. ‘प्रोसेस’ नावाचा एक पंथच उभा राहिला आणि हरण्यावर टाळ्या वाजवणारा चाहता हुशार गणला जाऊ लागला. जोएल एम्बीड मिळाला, तो पुढे एमव्हीपीही झाला, पण २०२५पर्यंत हा संघ ईस्टच्या अंतिम फेरीतसुद्धा पोचला नव्हता. बॉस्टननं मधल्या काळात तीच फेरी कितीदा गाठली, हे फिलाडेल्फियाच्या माणसाला विचारू नये.

शिवाय हरण्याचा भाव आता पडलाय. २०१९पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबराची सारखीच, १४ टक्के संधी मिळू लागली. पूर्वी सगळ्यात वाईट संघाला २५ टक्के मिळायची. २०२५च्या लॉटरीत युटा १७-६५, वॉशिंग्टन १८-६४, शार्लट १९-६३ असे तळाला होते. पहिल्या तिनांत एकही आला नाही. पहिला नंबर, म्हणजे कूपर फ्लॅग, डॅलसला गेला, जेमतेम १.८ टक्के संधी असताना. त्याच डॅलसला, ज्यानं तीन महिन्यांपूर्वी पंचविशीतला लुका डॉन्चिच विकून चाहत्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. न्याय नावाची चीज लॉटरीच्या त्या यंत्रात घालत नाहीत.

युटाचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण तिथे विक्री उत्तम झाली होती. २०२२च्या उन्हाळ्यात रूडी गोबेर मिनेसोटाला गेला, डोनोव्हन मिचेल क्लीव्हलंडला, आणि पिकांचं गाठोडं आलं. मग अडलं कुठे? गिऱ्हाइकं चांगली निघाली. मिनेसोटा २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वेस्टच्या अंतिम फेरीत, क्लीव्हलंडनं २०२४-२५ला ६४ सामने जिंकले. असल्या संघांचा पिक फेरीच्या शेपटाला लागतो. तेव्हा युटाला स्वतःच्या पराभवाकडे वळावं लागलं. मार्च २०२५मध्ये लीगनं त्यांना १ लाख डॉलर दंड केला, कारण लॉरी मार्कानेन खेळण्याजोगा असताना त्याला बाकावर बसवून ठेवलं होतं. तिकीट काढून आलेल्या माणसानं त्या संध्याकाळी नक्की काय बघायचं होतं?

दुसऱ्याच्या पराभवावरची पैजही फसते, हे कबूल. बॉस्टनला मिळालेला नेट्सचा २०१४चा पिक सतरावा लागला, जेम्स यंग. तो काही वर्षांत लीगबाहेर. फुल्ट्झच्या सौद्यात वर जो पिक मिळाला होता तो सॅक्रामेंटो किंग्जचा, २०१९चा. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्यांचे मालक, तेच हे किंग्ज. त्यांनी २०१५ला पगाराच्या मर्यादेत जागा मोकळी करायला तो जवळपास बिनशर्त फिलाडेल्फियाला देऊन टाकला होता. किंग्ज म्हणजे वर्षानुवर्षं हमखास हरणारा संघ, तेव्हा बॉस्टनमध्ये या पिकाकडे सगळे डोळे लावून बसले होते. नेमके त्याच हंगामात किंग्जनी ३९ सामने जिंकले आणि पिक चौदावा लागला. थोड्याच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९मध्ये, तोच संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळला, भारतातले एनबीएचे पहिले सामने. पण बॉस्टनचा चाहता या फसगतीनं फार हळहळला नाही, कारण ती वाट बघताना त्याचा स्वतःचा संघ जिंकतच होता. पैज हरली तरी हंगाम वाया गेला नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप ओक्लाहोमा सिटीचा. २०१९ला पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला. शे गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन अदलाबदलीचे हक्क आले. नंतर ते हरले, आणि लाजिरवाणे हरले: २२-५०, मग २४-५८, मधेच मेम्फिसकडून ७३ गुणांनी, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. त्यातूनच दुसऱ्या नंबरानं चेट होल्मग्रेन आला. २०२५ला विजेतेपद. म्हणजे मुद्दाम हरणं फळतं की! पण त्या संघाच्या कण्याकडे नीट बघा. शे त्याच ट्रेडमध्ये आलेला खेळाडू. जेलन विल्यम्स २०२२ला बारावा, तो क्लिपर्सच्या पिकानं. दोघंही दुसऱ्याच्या घाईतून मिळालेले. क्लिपर्सना कवाय लेनर्डला आणायला पॉल जॉर्ज हवाच होता, ओक्लाहोमाचे सूत्रधार सॅम प्रेस्टी यांना ते ठाऊक होतं, म्हणून मागाल ती किंमत मिळाली. होल्मग्रेनपुरतं तुमचं खरं. दोन हंगामांचं काळं तोंड मी त्याच्या खात्यात मांडतो. ते परवडलं की नाही, हे त्या दोन हंगामांची तिकिटं काढणाऱ्यांनी सांगावं.

जुना खेळाडू जपला तर संघ बुडतो, हेही अर्धंच खरं आहे. लॉस एंजेलिस लेकर्सनी नोव्हेंबर २०१३मध्ये कोबी ब्रायंटला दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार दिला. सगळे हसले. संघ तळाला गेला, लागोपाठ तीन वर्षं ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर मिळाला, आणि त्यातल्याच पोरांच्या बदल्यात २०१९ला अँथनी डेव्हिस आला, २०२०ला विजेतेपद. कोबीच्या शेवटच्या सामन्यात, १३ एप्रिल २०१६ला, चाहत्यांनी साठ गुण बघितले ते वेगळेच. लॉस एंजेलिसला जमतं ते इंडियाना किंवा युटाला जमेलच असं नाही, मोठ्या शहरात नामवंत खेळाडू आपणहून यायला तयार असतात. तरी म्हाताऱ्याला न विकणं म्हणजे आत्महत्याच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा दाखला जवळ ठेवावा.

आणि नेट्स? जून २०२४मध्ये त्यांनी मिकाल ब्रिजेस न्यूयॉर्क निक्सला विकून पहिल्या फेरीचे पाच पिक घेतले. गिऱ्हाईक खेळायला फार चांगलं, म्हणजे आपल्या कामाचं नाही. म्हणून त्याच रात्री त्यांनी ह्यूस्टनकडून २०२५ आणि २०२६च्या स्वतःच्याच पिकांवरचा ताबा परत मिळवला. जेम्स हार्डनला आणताना तो गेला होता. म्हणजे आपल्या हरण्यात काही अर्थ उरावा म्हणून आपलंच हरणं पदरमोड करून परत आणलं. हंगाम २६-५६ असा गेला आणि नंबर लागला आठवा.

आपण सकाळी चहाबरोबर हे सामने बघतो, पुण्यातून नाहीतर नागपुरातून. आपल्याला विकणाऱ्या गटात सामील होणं फार सोपं पडतं. फोनवर एका संघाऐवजी दुसरा लावला की झालं. सॉल्ट लेक सिटीत ज्यानं पोरांना घेऊन जायला वर्षभराचं तिकीट काढलंय त्याला संघ बदलता येत नाही. मुंबई इंडियन्सनं डिसेंबर २०२३मध्ये रोहितची कप्तानी काढली तेव्हा वानखेडेवर काय झालं, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा दीर्घकालीन नियोजनाची प्रवचनं आपल्याला गोड लागली नव्हती. आयपीएलमध्ये निदान दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन पाटी बरीचशी पुसली जाते, २०३०ची पाळी आज विकून टाकायची सोय कुणाकडे नाही. एनबीएत ती आहे, म्हणून तिथल्या चाहत्याचा राग मला जास्त रास्त वाटतो.

राहिला खुद्द खेळाडू. गार्नेटकडे ट्रेड नाकारण्याचा अधिकार होता. त्यानं तो सोडला म्हणून २०१३चा सौदा झाला. बॉस्टनच्याच एझाया थॉमसकडे तो नव्हता. २०१७च्या प्लेऑफमध्ये बहीण गेल्याच्या दुःखात तो बॉस्टनसाठी खेळला, तिच्या वाढदिवशी ५३ गुण काढले, खुब्याची दुखापत अंगावर काढली, आणि ऑगस्टमध्ये नेट्सच्या २०१८च्या पिकासकट कायरी अर्विंगच्या बदल्यात क्लीव्हलंडला रवाना झाला. हिशेबानं तो सौदा चुकीचा नव्हता. पण ज्या संघानं तो केला, त्याला पुढच्या खेळाडूकडे निष्ठा मागताना आवाज खाली ठेवावा लागतो.

डेमियन लिलार्डनं हे बारकाईनं बघितलं असावं. २०१२ला तो पोर्टलंडला आला तोच नेट्सच्या पिकानं. त्या आधी पोर्टलंडनं त्यांना एकोणतीस वर्षांचा जेराल्ड वॉलेस विकला होता, तोच वॉलेस जो पुढे बॉस्टनच्या सौद्यात पगार जुळवायला फिरला. अकरा हंगामांनंतर लिलार्डनं स्वतः ट्रेड मागितला, मायामीला जायचं म्हणाला, आणि सप्टेंबर २०२३मध्ये त्याला मिलवॉकीला पाठवलं. पोर्टलंडला मिलवॉकीचा २०२९चा पिक आणि २०२८, २०३०च्या अदलाबदलीचे हक्क मिळाले, म्हणजे मिलवॉकीचा तेव्हाचा बिनीचा खेळाडू यानिस म्हातारा होईल त्या काळातले. तुमानी कमारा नावाचा दुसऱ्या फेरीतला एक पोरगा वर टाकला होता, तो २०२५ला लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवडला गेला. एप्रिल २०२५मध्ये लिलार्डची टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली. मिलवॉकीनं त्याला मोकळं केलं, उरलेले पैसे पाच वर्षांत चुकते करायचं ठरवलं. जुलैमध्ये तो पोर्टलंडला परतला, तीन वर्षांच्या ४ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर. त्या करारात या वेळी त्यानं एक कलम घालून घेतलंय: माझ्या संमतीशिवाय ट्रेड नाही.